मालक नसलेलं केंद्र, पगार नसलेला निवेदक

७ ऑक्टोबर २०१९, सोमवार. न्यूयॉर्कमध्ये एफएमवर ९९.५ लावलं की डब्ल्यूबीएआय हे केंद्र लागतं. त्या दिवशी तिथले स्थानिक कार्यक्रम एकाएकी थांबले. त्यांच्या जागी ‘पॅसिफिका अॅक्रॉस अमेरिका’ या नावाखाली बाहेरून जमवलेले कार्यक्रम ऐकू येऊ लागले. केंद्रातल्या पगारी कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं. पॅसिफिका फाउंडेशन ही या केंद्राची मातृसंस्था कॅलिफोर्नियातली. न्यूयॉर्कचं केंद्र तोट्यात आहे आणि त्याचा बोजा आता इतर केंद्रांना झेपत नाही, असं कारण तिने दिलं.

बंद पडलेल्या कार्यक्रमांत एक होता ‘रेडिओ अननेमेबल’. तो १९६३ पासून चालू होता. त्याचा निवेदक बॉब फॅस तेव्हा ८६ वर्षांचा होता. त्याचा कार्यक्रम बंद करून केंद्राच्या पगारखर्चात एका डॉलरचीही बचत होणार नव्हती, कारण १९७७ नंतर केंद्राने त्याला पगार दिलेलाच नव्हता.

जुना निवेदक आणि त्याचा हातून गेलेला कार्यक्रम ही गोष्ट रेडिओच्या जगात नवी नाही. केंद्राचा मालक बदलतो, जाहिरातदारांना तरुण श्रोते हवे असतात, एखादी साखळी कंपनी गावोगावची केंद्रं विकत घेऊन सगळीकडे एकच आवाज वाजवते. फॅसच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. त्याच्या केंद्राला मालक नव्हता आणि जाहिरातदारही नव्हते. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या, स्वतःला मुक्त म्हणवणाऱ्या केंद्राने त्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा काढून घेतला. हे कसं झालं ते समजण्यासाठी आधी त्या केंद्राची ओळख करून घ्यायला हवी.

पॅसिफिकाची स्थापना १९४६ची. संस्थापक लुईस हिल हा युद्धाला तत्त्वतः नकार देणारा शांततावादी. रेडिओने साबण आणि टूथपेस्ट विकण्यापलीकडे काही करायचं असेल, तर त्याचा खर्च ऐकणाऱ्यांनीच उचलला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. १५ एप्रिल १९४९ रोजी बर्कलीमध्ये केपीएफए हे पहिलं केंद्र सुरू झालं. श्रोत्याने वर्षाची वर्गणी पाठवायची, पण न पाठवणाऱ्यालाही ऐकायला मोकळीक, असा हा प्रयोग होता. तो टिकेल असं तेव्हा फार थोड्यांना वाटलं असेल.

न्यूयॉर्कचं केंद्र पॅसिफिकाला चक्क दान मिळालं. लुईस श्वाइट्झर हा कागदाच्या धंद्यातला श्रीमंत माणूस डब्ल्यूबीएआयचा मालक होता. १९५८च्या अखेरीला न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांचा संप झाला आणि जाहिरातींचा ओघ रेडिओकडे वळला. त्याच्या केंद्राला बरे पैसे मिळू लागले आणि नेमकं तेव्हाच श्वाइट्झरच्या मनात आलं, की हे केंद्र धंदा म्हणून जमतंय तेव्हाच ते खरं तर फसलं आहे. १९६० साली त्याने ते पॅसिफिकाला देऊन टाकलं. ९९.५ ही जागा व्यावसायिक केंद्रांच्या पट्ट्यात येते. अमेरिकेत बिगरव्यावसायिक केंद्रांना सहसा एफएमचं खालचं टोक, म्हणजे ८८ ते ९२, राखून ठेवलेलं असतं. त्यामुळे न्यूयॉर्कसारख्या शहरातल्या या परवान्याची किंमत पुढे अवाच्या सवा वाढली. केंद्र कर्जात बुडालं की ‘परवाना विकून टाका’ ही सूचना नेमाने पुढे येऊ लागली, ती याच कारणाने.

रॉबर्ट फॅसचा जन्म १९३३ साली ब्रुकलिनमध्ये झाला. मूळचा तो नट. ब्रॉडवेबाहेरच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’च्या गाजलेल्या प्रयोगात त्याने काम केलं होतं. डब्ल्यूबीएआयमध्ये तो उद्घोषक म्हणून लागला. तेव्हा मध्यरात्रीनंतर केंद्र बंद होत असे. आकाशवाणीची रात्रीची सभा अकराच्या सुमाराला संपली, की सेटमधून नुसती खरखर यायची, हे आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. तसाच तो प्रकार होता. फॅसने ती रिकामी वेळ मागून घेतली. कुणालाच नको असलेली वेळ होती, म्हणून ती मिळालीही. बेकेटच्या ‘द अननेमेबल’ या कादंबरीवरून त्याने कार्यक्रमाचं नाव ठेवलं.

कार्यक्रमाला आराखडा नव्हता. त्या काळी अमेरिकन व्यावसायिक रेडिओ म्हणजे तीन मिनिटांचं गाणं, त्यावर निवेदकाची धावती बडबड आणि मग जाहिरात. फॅस पहाटेपर्यंत बसायचा आणि घाई करायचा नाही. दोन-तीन तबकड्या एकाच वेळी लावून त्यांचे आवाज एकमेकांत मिसळायचा. लोकगीतावर भाषणाचा तुकडा, त्यावर बातमी, मग थोडी शांतता. स्टुडिओत कुणीही येऊन बसायचं. ग्रिनिच व्हिलेजच्या कॅफेंमध्ये गाणारी मुलं गिटार घेऊन यायची. कवी यायचे, विनोदवीर यायचे, युद्धविरोधी चळवळीतले कार्यकर्ते मोर्चावरून थेट यायचे. श्रोत्यांना तो ‘कबाल’ म्हणायचा, म्हणजे गुप्त कटातले साथीदार. हवेवर आल्यावर ‘गुड मॉर्निंग, कबाल’ हे त्याचं अभिवादन ठरलेलं. पुढे या पद्धतीला फ्रीफॉर्म रेडिओ असं नाव मिळालं. साठच्या दशकाच्या अखेरीला सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कच्या व्यावसायिक एफएम केंद्रांनीही ती उचलली आणि पैसाही केला.

पण त्याची खरी हातोटी फोनची होती. एका वेळी दहा जणांना हवेवर घेता येईल अशी जोडणी केंद्रात होती. फॅस एकाचा फोन घेऊन दुसऱ्याशी जोडून द्यायचा आणि स्वतः गप्प बसायचा. शहराच्या दोन टोकांना जागी असलेली दोन अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायची आणि बाकीचं शहर ऐकायचं. निवेदकाने मध्ये किती बोलायचं नाही, हे त्याच्याइतकं फार थोड्यांना कळलं. जानेवारी १९६६ मध्ये बॉब डिलन त्याच्या स्टुडिओत बसून श्रोत्यांचे फोन घेत होता. जगभर नाव झालेला गायक आणि झोप येत नाही म्हणून फोन फिरवणारा कुणी सामान्य माणूस यांच्यात त्या रात्री कुणी चाळणी लावली नव्हती.

१९७१ साली एका रात्री एका माणसाचा फोन आला. आपण गोळ्या घेतल्या आहेत आणि मरणार आहोत, असं तो म्हणाला. तेव्हा फोन कुठून आला ते शोधायला बराच वेळ लागे. केंद्रातली माणसं पोलिसांना आणि टेलिफोन कंपनीला गाठत होती, तोपर्यंत फॅस त्या माणसाशी हवेवर बोलत राहिला. घाबरला नाही, उपदेश केला नाही, त्याला बोलतं ठेवलं. अर्ध्या तासाहून अधिक वेळ हे चाललं. अखेर पत्ता लागला, पोलीस पोहोचले आणि तो माणूस वाचला.

या ऐकणाऱ्यांना एकत्र आणलं तर काय होईल, असं फॅसला वाटू लागलं. फेब्रुवारी १९६७ मध्ये त्याने हवेवरून सांगितलं, की शनिवारी रात्री केनेडी विमानतळाच्या परदेशी प्रवाशांच्या इमारतीत भेटू या. काम काही नाही, नुसतं भेटायचं, गायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत करायचं. कडाक्याच्या थंडीत तीनेक हजार माणसं जमली. हा ‘फ्लाय-इन’. एप्रिलमध्ये ‘स्वीप-इन’ ठरला. लोअर ईस्ट साइडमधला एक कचऱ्याने भरलेला रस्ता सगळ्यांनी मिळून झाडायचा होता. पालिकेच्या सफाई खात्याला याचा सुगावा लागला आणि त्यांनी आधीच येऊन तो रस्ता लख्ख केला. मंडळी झाडू घेऊन पोहोचली तर झाडायला काही उरलंच नव्हतं. मग सगळे दुसऱ्या रस्त्यावर गेले. रेडिओवरच्या एका निवेदनाने पालिकेला कामाला लावल्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

मार्च १९६८चा मेळावा मात्र वाईट पद्धतीने संपला. ग्रँड सेंट्रल स्थानकात मध्यरात्री हजारो तरुण जमले. थोड्या जणांनी घड्याळावर चढून काटे मोडले आणि पोलिसांनी सरसकट लाठ्या चालवल्या. मार खाल्लेली मुलं नंतर फॅसच्या कार्यक्रमात बोलली. वर्तमानपत्रांत काय छापून येईल याची वाट न पाहता, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या तोंडून घटना उभी करायची, हे त्याने तिथे केलं. त्याच वर्षी शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलीस आणि निदर्शक यांच्यात जे घडलं, तेही त्याच्या श्रोत्यांना असंच कळत गेलं.

गाण्यांच्या बाबतीत त्याचा कान तयार होता. आर्लो गथ्रीने ‘अॅलिसेस रेस्टॉरंट’ ही अठरा मिनिटांची गोष्टवजा रचना १९६७ मध्ये फॅसच्या कार्यक्रमात म्हटली, तेव्हा तिची तबकडी निघालेली नव्हती. फॅसजवळची टेप हीच काय ती प्रत. लोक ती पुन्हा लावायला सांगू लागले आणि केंद्राने त्यातून निधी उभारण्याची युक्ती काढली. गाणं लावायचं तर वर्गणी द्या. ते इतक्या वेळा वाजलं, की पुढे ते थांबवण्यासाठीही लोकांनी पैसे कबूल केले. जेरी जेफ वॉकरचं ‘मिस्टर बोजँगल्स’ही असंच या कार्यक्रमातून आधी न्यूयॉर्कभर आणि मग बाहेर पसरलं.

केंद्रही तेव्हा भरात होतं. डिसेंबर १९७० मध्ये त्यांनी ‘वॉर अँड पीस’ ही टॉलस्टॉयची अख्खी कादंबरी हवेवर वाचून काढली. शंभराहून अधिक वाचक होते आणि सलग चार दिवसांहून अधिक काळ ते वाचन चाललं. १९७३ मध्ये जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचा शिव्यांवरचा भाग लावला म्हणून याच केंद्रावर तक्रार झाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ मध्ये पॅसिफिका पाच विरुद्ध चार मतांनी हरली. प्रसारणातल्या असभ्यतेबद्दलचा अमेरिकेतला मूळ निकाल आजही हाच मानतात.

व्हिएतनाम युद्ध संपलं आणि शहर बदललं. न्यूयॉर्क जवळजवळ दिवाळखोर झालं होतं. साठच्या दशकातले श्रोते पांगले, वर्गणी आटली. १९७७च्या सुरुवातीला व्यवस्थापनाने कार्यक्रमांची फेरमांडणी जाहीर केली. त्यांचं म्हणणं असं, की शहरात कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणारे लोक एवढे वाढले आहेत आणि आपल्या केंद्रावर अजून तेच ते गोरे निवेदक दहा-पंधरा वर्षं जागा धरून बसले आहेत. यात तथ्य होतं. मुक्त म्हणवणाऱ्या केंद्राची रात्र एकाच माणसाच्या नावावर किती वर्षं राहावी, हा प्रश्न गैर नव्हता.

तो सोडवण्याची पद्धत गैर होती. कर्मचाऱ्यांनी संघटना बांधली, फॅसने भांडण हवेवर आणलं आणि प्रकरण हातघाईवर गेलं. केंद्र तेव्हा पूर्वी चर्च असलेल्या इमारतीत होतं. कर्मचारी आत अडून बसले. काहींनी एम्पायर स्टेट बिल्डिंगवरच्या प्रक्षेपकाच्या खोलीचा ताबा घेतला. व्यवस्थापनाने प्रक्षेपणच तोडलं. केंद्र कित्येक आठवडे मुकं राहिलं. अखेर पोलिसांनी माणसं बाहेर काढली. फॅसला केंद्रात पाऊल ठेवायला बंदी झाली आणि ती पाच वर्षं टिकली. चौदा वर्षं ज्या शहराला त्याने रात्री सोबत केली, त्या शहराचा रीतसर निरोप घेण्याची संधीही त्याला मिळाली नाही.

१९८२ मध्ये तो परत आला, पण स्वयंसेवक म्हणून. पगार नाही, पूर्वीइतके दिवसही नाहीत. काळ गेला तशा रात्री कमी होत गेल्या आणि शेवटी आठवड्यात एक गुरुवारची मध्यरात्र तेवढी उरली. पॅसिफिकातली भांडणंही थांबली नव्हती. डिसेंबर २००० मध्ये वरिष्ठांनी एका रात्रीत कुलपं बदलून केंद्राच्या व्यवस्थापकांना काढलं. अनेक निवेदकांना दार बंद झालं. याच केंद्रात जन्मलेला ‘डेमोक्रसी नाऊ’ हा बातम्यांचा कार्यक्रमही पुढच्या वर्षी बाहेर पडला. दावे झाले, तडजोड झाली आणि नव्या घटनेनुसार श्रोत्यांनी निवडून दिलेली मंडळं प्रत्येक केंद्रावर आली. कागदावर ही लोकशाही देखणी आहे. व्यवहारात गट पडले, निवडणुका महाग पडू लागल्या आणि कठीण निर्णय कुणाच्याच गळ्यात पडेना. आपल्याकडच्या सहकारी संस्था आणि नाट्यसंस्थांची भाऊबंदकी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना याची फोड करून सांगायला नको.

दरम्यान प्रक्षेपकाचं भाडं चढत होतं. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावरच्या अँटेनासाठी केंद्राने केलेल्या करारात भाडं दरवर्षी वाढत जाणारं होतं. २०१२ मध्ये सँडी वादळाने वॉल स्ट्रीटवरचं कार्यालय सोडायला लावलं. २०१३ मध्ये बहुतांश पगारी कर्मचारी कमी केले गेले. २०१७ मध्ये न्यायालयाने इमारतीच्या बाजूने सुमारे १८ लाख डॉलरच्या थकबाकीचा निकाल दिला. पॅसिफिकाने कर्ज काढून ते मिटवलं आणि अँटेना दुसऱ्या इमारतीवर गेली. २०१९च्या ऑक्टोबरमधला तो सोमवार या सगळ्याच्या शेवटी येतो.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. केंद्रातली माणसं न्यायालयात गेली, महिनाभर हुकूम आणि उलट हुकूम निघाले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्थानिक कार्यक्रम परत सुरू झाले. फॅसचं बिऱ्हाड शेवटी नॉर्थ कॅरोलायनात होतं. २४ एप्रिल २०२१ रोजी तिथेच त्याचं निधन झालं. तो ८७ वर्षांचा होता.

त्याच्या आयुष्याकडे पाहताना १९७७ची घटना मला २०१९हून जास्त महत्त्वाची वाटते. २०१९ मध्ये तिजोरी रिकामी होती, त्यामुळे सगळ्यांनाच एका झटक्यात फटका बसला. १९७७ मध्ये प्रश्न खरा होता, दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं होतं, आणि बोलण्यासाठी हाताशी एक अख्खं रेडिओ केंद्र होतं. तरीही प्रक्षेपण तोडणं हाच मार्ग सुचला. कोणत्याही निवेदकाला वेळेवर जन्मभराचा हक्क नसतो. नव्या आवाजांना जागा द्यावीच लागते, आणि जुन्याला ती कधी सोडावी ते स्वतःहून क्वचितच कळतं. पण जागा काढून घेताना त्याला एक शेवटची रात्र द्यावी, श्रोत्यांना तसं आधी सांगावं, एवढी रीत पाळायला पैसा लागत नाही. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या केंद्राने तर ती पाळायलाच हवी होती.

फॅसचं काम टिकलं ते केंद्रामुळे नव्हे. रेडिओ केंद्रं टेप पुसून पुन्हा वापरायची, ही जगभरची रीत. फॅसने आपल्या रात्रींच्या टेप स्वतः सांभाळल्या. पॉल लव्हलेस आणि जेसिका वुल्फसन यांनी त्यांच्या आधारे ‘रेडिओ अननेमेबल’ हा माहितीपट केला. तो २०१२ मध्ये आला. २०१६ मध्ये त्या हजारो तासांच्या टेप कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने घेतल्या. डिलनचे ते फोन, ग्रँड सेंट्रलची ती साक्ष आज अभ्यासकांना ऐकता येते, ती एका माणसाच्या या चिकाटीमुळे.

हे सगळं दूरच्या शहरातलं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथली बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय प्रसार भारतीने घेतला होता. पुण्यातून ओरड झाली आणि त्याला स्थगिती मिळाली. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या केंद्रांवर अनेक वर्षं बोलणारे कितीतरी आवाज नैमित्तिक निवेदक म्हणून महिन्याच्या मोजक्या ड्यूट्यांवर काम करतात. त्यांची ड्यूटी थांबली तर त्याची बातमीही होत नाही. तुमच्या केंद्रावरचा असा एखादा ओळखीचा आवाज अचानक ऐकू येईनासा झाला, तर केंद्राला पत्र लिहून विचारा. आणि त्याच्या कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेट घरात पडल्या असतील, तर त्या रद्दीत जाण्याआधी त्यांचं डिजिटल रूपांतर करून जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे द्या.